खिडकीपुढची रांग आणि मळ्यातले पत्र

२०२२ साली श्रीलंकेत पेट्रोल संपले, वीज गेली, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना कामाच्या जागी टोमणे ऐकावे लागले. "काय हो, तुमचा बौद्ध देश बुडाला की!" कारखान्यात, बँकेत, पालिकेच्या चौकीत, सगळीकडे हेच. टोमणे मारणाऱ्यांना श्रीलंकेचे सोयरसुतक नव्हते, त्यांना आपल्याला डिवचायचे होते. म्हणून तेव्हा उत्तर दिले नाही तरी चालले. पण त्या टोमण्याने आपल्याच माणसांच्या मनात एक शंका पेरून ठेवली आणि ती अजून वंदनेनंतरच्या गप्पांत डोके वर काढते. दर पौर्णिमेला सुट्टी देणारा देश, १९७२ पासून राज्यघटनेत बुद्ध धम्माला अग्रस्थान देणारा देश. मग तिथल्या कचेऱ्या आपल्या कचेऱ्यांसारख्याच का? तिथल्या गोरगरिबाला एका सहीसाठी चार खेटे का घालावे लागतात?

अनुराधपूर-कँडीची यात्रा करून आलेल्या उपासक-उपासिका बोधिवृक्षाचे वर्णन करतात, स्तूपाचे फोटो दाखवतात. कचेरीच्या खिडकीपुढे त्यांना उभे राहावे लागत नाही, म्हणून ही बाजू त्यांच्या सांगण्यात येत नाही. आज तीच सांगतो.

तिथे प्रत्येक गावाला किंवा वॉर्डाला एक ग्रामनिलधारी असतो. आपल्या तलाठ्यासारखा म्हणा. असे सुमारे १४ हजार विभाग आहेत. शाळेत नाव घालायचे, नोकरीचा अर्ज करायचा, ओळखपत्र काढायचे, की त्याचा रहिवासाचा आणि वर्तणुकीचा दाखला आणा. त्या दाखल्यावर पुढे प्रादेशिक सचिवालयातून आणखी एक सही घ्यायची. ग्रामनिलधारी जागेवर नसेल तर आजचा रोज बुडाला. सचिवालयातला साहेब मीटिंगला गेला असेल तर उद्याचाही बुडाला. ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याचे फारसे बिघडत नाही, पण रोजंदारीवाल्याला ही सही दोन दिवसांच्या मजुरीला पडते. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

पासपोर्टचे तर विचारू नका. कोलंबोजवळ बत्तरमुल्ला येथे पासपोर्टची मोठी कचेरी आहे. २०२२ च्या संकटात देश सोडू पाहणाऱ्यांची तिथे रात्रंदिवस रांग लागली. पुढे २०२४ मध्ये कोऱ्या पासपोर्ट-पुस्तिकाच कमी पडल्या आणि लोक पुन्हा रात्री फुटपाथवर झोपून नंबर लावू लागले. पुस्तिका संपत आल्या हे कचेरीला आधी कळत नव्हते का? कळत असणार. पण कळणे एकाच्या टेबलावर आणि मागवणे दुसऱ्याच्या, आणि मधला कागद हलवणे कोणाचेच काम नाही, अशी व्यवस्था असली म्हणजे त्याची शिक्षा फुटपाथवर झोपणाऱ्याला होते. त्या रांगेत आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या बायाही असतात. पासपोर्ट महिनाभर लांबला तर तिकडची नोकरी दुसरीला जाते आणि एजंटाचे कर्ज तेवढे डोक्यावर राहते.

आणि बोलण्याची तऱ्हा! सिंहली भाषेत 'तू'ला चार-पाच शब्द आहेत. बरोबरीच्याला एक, मोठ्याला एक, आणि ज्याला कमी लेखायचे त्याच्यासाठी निराळे. साहेबाला 'महत्तया' म्हणायचे. समोरचा माणूस कोण, हे खिडकीतला कारकून त्याच्या कपड्यांवरून ठरवतो आणि तसा शब्द वापरतो. अरे-तुरेची ही झळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसली आहे. जिथे भाषेतच माणसाची पायरी ठरवायची सोय असते, तिथे नुसते 'जनतेशी सौजन्याने वागा' अशी पाटी लावून भागत नाही.

तामिळ बोलणाऱ्याची गत याहून वाईट. १९५६ साली कायदा करून सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवली गेली. त्याने देशाचे किती नुकसान झाले हा इतिहास मोठा आणि रक्ताने माखलेला आहे. त्यात आज शिरत नाही. १९८७ मध्ये तामिळलाही राजभाषेचा दर्जा मिळाला, पण कागदावर. तामिळ भागाबाहेरच्या पुष्कळ कचेऱ्यांत तामिळ समजणारा माणूस नसतो, फॉर्म सिंहलीत, पोलीस ठाण्यात तक्रार लिहिली जाते तीही सिंहलीत. आपण काय सांगितले आणि समोरच्याने काय लिहिले, हे न कळता खाली सही करायची. आपल्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, त्यात आणि यात फरक तो किती?

हे झाले गाऱ्हाणे. पण या देशाने जे कमावले ते सांगितल्याशिवाय गाऱ्हाणे सांगणे अन्यायाचे होईल. १९३१ साली, म्हणजे आपल्याकडे मतदानाला मालमत्तेची आणि शिक्षणाची अट होती तेव्हा, सिलोनमध्ये स्त्री-पुरुष सर्वांना मताचा अधिकार मिळाला. १९४५ पासून शिक्षण मोफत, बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी ते घडवले. सरकारी दवाखाना मोफत. गावोगाव सरकारी दाई आहे. ती गरोदर बाईच्या घरी स्वतः जाते, वजन पाहते, टिपण ठेवते, बाळंतपणानंतर पुन्हा येते. या दायांच्या पायपिटीमुळेच बाळंतपणात दगावणाऱ्या बाया तिथे दक्षिण आशियातल्या बहुतेक देशांहून कमी. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. मलेरिया आपोआप गेला नाही. डबकी शोधत हिंडणारे, घरोघरी फवारणी करणारे, रक्ताचे नमुने तपासणारे सरकारी कर्मचारी होते म्हणून गेला. म्हणजे तिथला सरकारी नोकर काम करत नाही, हे सरसकट म्हणणे खोटे आहे. ज्या खात्यात कामाची मोजणी होती आणि ज्याला काम नेमून दिले त्यालाच त्याचा जाब विचारला जात होता, तिथे त्याने उत्तम काम केले.

मग बिघडले कुठे? माझ्या मते नोकरी जिथे हक्काची न राहता मेहेरबानीची झाली, तिथे.

१९७० नंतरच्या राजवटीत आमदार-खासदाराची चिठ्ठी असली तर नोकरी, असा रिवाज पडला. लोक त्याला 'चिट' म्हणत. १९७७ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने 'जॉब बँक' काढली आणि नोकरीच्या अर्जाचे छापील फॉर्म खासदारांच्याच हाती वाटायला दिले. चिठ्ठी जाऊन फॉर्म आला, एवढाच बदल! पक्ष कोणताही येवो, रिवाज टिकला. निवडून आलेल्याने आपल्या माणसांना चिकटवायचे, पुढच्याने त्यांच्या बदल्या करायच्या आणि आपली माणसे भरायची. २०२० साली एका बाजूने सुमारे पन्नास हजार पदवीधरांना सरकारी सेवेत घेतले आणि दुसऱ्या बाजूने गरीब, कमी शिकलेल्या एक लाख लोकांना नोकऱ्या देण्याची योजना काढली. गरिबाला नोकरी मिळाली तर वाईट कोण म्हणेल? पण नेमणूकपत्र देण्याआधी काम कोणते, हे ठरवायला नको का? पुष्कळ पदवीधर कचेरीत हजर झाले आणि बसायला खुर्चीही नाही असे निघाले. सव्वादोन कोटींच्या आत लोकसंख्या आणि सैन्यासकट सरकारी नोकर चौदा-पंधरा लाख. तरीही तामिळ दुभाषी कमी, मळ्यांच्या शाळांत विज्ञानाचे शिक्षक कमी.

चिठ्ठीने लागलेला माणूस कोणाला जबाबदार असतो? चिठ्ठी देणाऱ्याला. खिडकीपुढच्या माणसाने त्याला नोकरी दिलेली नसते आणि तो ती घेऊही शकत नाही. मग तो खिडकीपुढच्याकडे कशाला पाहील? इथे त्याच्या शीलाचा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न त्याला बांधलेल्या दोरीचा, आणि ती दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

यात आणखी एक गोष्ट, जी खिडकीबाहेरच्याला दिसत नाही. आतल्या माणसाचा पगारही पुरत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात तिथली महागाई वर्षाला सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे वर्षापूर्वी शंभर रुपयांना येणारी वस्तू एकशे सत्तरला. पगार तेवढाच. कारकून दुपारनंतर दुसरा धंदा पाहतो, शिक्षक शाळेत हात राखून शिकवतो आणि संध्याकाळी शिकवणीत जीव तोडून. मोफत शिक्षणाच्या देशात शिकवणीच्या जाहिराती भिंतीभिंतीवर आहेत. सरकारी डॉक्टरला कामाच्या वेळेनंतर खासगी दवाखान्यात बसायची मुभा आहे. त्याला तिथे 'चॅनेल' करणे म्हणतात. सकाळी सरकारी इस्पितळात ज्याने दोन मिनिटांत वाटेला लावले, तोच डॉक्टर संध्याकाळी पैसे भरून दहा मिनिटे बघतो. त्याचे ज्ञान दोन्ही वेळा तेवढेच असते, पेशंटचा खिसा तेवढा बदलतो.

संकट ऐन भरात असताना जून २०२२ मध्ये सरकारने एक फर्मान काढले, ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. सरकारी नोकरांना शुक्रवारी सुट्टी, त्यांनी घरी परसात भाजीपाला पिकवावा! शिवाय ज्याला परदेशी जायचे त्याने पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर खुशाल जावे, नोकरी शाबूत राहील. इकडे मार्चमध्येच पेराडेनियाच्या मोठ्या सरकारी इस्पितळाने औषधे नाहीत म्हणून नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या. पश्चिम प्रांतात कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. ३१ मार्चला तेरा तास वीज नव्हती. पेट्रोल-रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या वृद्धांनी रांगेतच प्राण सोडले. आणि सरकार म्हणते, शुक्रवारी वांगी लावा.

हे संकट आळशी कारकुनांनी आणले असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०१९ च्या अखेरीस श्रीमंतांना सोयीची मोठी करकपात झाली, तिजोरी आटली. २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतावर बंदी आली, भात आणि चहा दोन्ही घसरले. कोविडने पर्यटन थांबवले. परदेशी कर्ज डोईजड झालेच होते. १२ एप्रिल २०२२ ला 'कर्ज फेडता येत नाही' असे सरकारने जाहीर केले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया आणि त्यांचे बंधू महिंदा यांच्यासह बड्या अधिकाऱ्यांना या आर्थिक पडझडीबद्दल जबाबदार धरले. बौद्ध देश धम्मामुळे बुडाला म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवावा.

"तिकडचे लोकच मुळात सुस्त, समुद्रकाठची हवा, नारळ पडला की पोट भरले," असे आपल्यातलेही काही शहाणे म्हणतात. हीच भाषा इंग्रज मळेवाले वापरत. सिंहली माणूस आळशी म्हणून आम्ही तामिळनाडूतून मजूर आणले, असे ते सांगत. खरी गोष्ट अशी की स्वतःची शेती असलेला सिंहली शेतकरी गोऱ्याच्या मळ्यात कवडीमोल मजुरीने राबायला तयार नव्हता. याला आळस म्हणतात होय? आज कटुनायकेच्या कापड कारखान्यांत शिलाई मशीनवर वाकलेल्या पोरी पाहा. खेड्यातून येतात, एका खोलीत चार-चार राहतात, टार्गेट पुरे करतात. आखातात परक्याची पोरे सांभाळणाऱ्या बाया पाहा. त्यांनी पाठवलेल्या पैशावर हा देश श्वास घेतो.

आणि वैशाख पौर्णिमेला यात्रेला गेला असाल तर 'दन्सल' पाहिली असेल. रस्तोरस्ती मांडव, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण, सरबत, फुकट. कोणाची जात, धर्म, गाव विचारत नाहीत. रांग शिस्तीची, ताट दोन्ही हातांनी पुढे, वाढणाऱ्याच्या तोंडावर हसू. वाढणाऱ्यांत सरकारी कचेरीतले कारकूनही असतात, विद्युत मंडळाचे, टपालखात्याचे. वर्षातून दोन दिवस ज्याला अनोळखी माणसाची सेवा करताना थकवा येत नाही, तो सोमवारी खिडकीत बसला की कपाळाला आठ्या का पाडतो? कारण दन्सल त्याची स्वतःची असते. त्याने वर्गणी दिलेली, तांदूळ निवडलेले. कचेरी त्याची नसते. पुण्य दानात आहे हे त्याला लहानपणापासून शिकवले. वेळेवर दाखला देणे हाही धम्माचा भाग आहे, हे कोणी शिकवले नाही.

वास्तविक सिगालोवाद सुत्तात हे स्वच्छ सांगितलेले आहे. मालकाने नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात पाहावे, वेळेवर सुट्टी द्यावी. नोकराने वेळेच्या आधी हजर राहावे, दिले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे. दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत. भगवंतांनी एकट्या नोकराला उपदेश केलेला नाही, हे ध्यानात घ्या. कामगाराला 'चोख काम कर' सांगणारे पुष्कळ भेटतात. मालकाचा अर्धा भाग वाचून दाखवणारे कमी.

आपल्या घरांतही खिडकीच्या आत बसणारी माणसे आहेत, म्हणून हे लिहिले. पालिकेत, रेल्वेत, टपालात, एस.टी.त आपल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीला जी नोकरी मिळाली, ती कोणाच्या चिठ्ठीने मिळाली नाही. घटनेने मिळाली. 'कोट्यातले' म्हणून ज्यांना हिणवले त्यांच्या नोकरीमागे निदान जाहिरात होती, परीक्षा होती, यादी होती. आपल्याला खिडकीबाहेरचा अनुभव तीन पिढ्यांचा आहे. आपल्या मुलाने किंवा सुनेने आतून त्या म्हाताऱ्या बाईला "उद्या या" म्हटले, तर ते घरी जेवताना विचारायला हरकत नाही. आईने विचारलेले लागते. असो.

श्रीलंकेत सगळ्यात शेवटी रांगेत कोण उभे आहे, ते अजून सांगायचे राहिले.

हॅटन, तलवाकेले, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगरी भागांत चहाचे मळे आहेत. तिथले मजूर म्हणजे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तामिळनाडूतून नेलेल्या लोकांची नातवंडे-पणतवंडे. त्यांच्यातले बहुसंख्य पळ्ळर, परैयर, अरुंधतियर अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचे. म्हणजे नात्याने नाही तरी नशिबाने आपलेच. एका रांगेत दहा-बारा खोल्या, एकेक खोली साधारण दहा फूट बाय बारा फूट, त्याला ते 'लयम' म्हणतात. इंग्रजी 'लाइन'चे तामिळ रूप. आपल्याकडच्या चाळीहूनही कोंदट.

४ फेब्रुवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून यांतल्या सात लाखांवर लोकांना बिनदेशाचे केले. पुढच्या वर्षी मताचा अधिकार काढला. १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख भारताने घ्यावेत, तीन लाख सिलोनने, उरलेल्यांचे पुढे बघू. माणसांची अशी वाटणी झाली आणि त्यांना कोणी विचारले नाही. शेवटच्या बिनदेशी माणसाला नागरिकत्व मिळायला २००३ साल उजाडले.

आता हे नागरिक आहेत, मतदार आहेत, त्यांचे आमदार-खासदार आहेत. पण पत्ता नाही. बहुतेक लयमांतल्या खोल्यांना टपालखात्याच्या लेखी स्वतंत्र क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही. पोस्टमन घरापर्यंत येत नाही. सगळे टपाल मळ्याच्या कचेरीत जाते आणि तिथून कोणीतरी, कधीतरी, ज्याला सवड होईल तो वाटतो. विद्यापीठाच्या प्रवेशाचे पत्र, नोकरीच्या मुलाखतीचे पत्र, बँकेची नोटीस, कोर्टाची तारीख. तारीख उलटून गेल्यावर हातात पडते, किंवा पडतच नाही. पाठवणाऱ्याने वेळेवर पाठवले, टपालखात्याने वेळेवर पोचवले, मळ्याच्या कारकुनाने कागदाखाली ठेवले. चूक कोणाची? कोणाचीच नाही! आईने चहाची पाने खुडून मुलीला बारावीपर्यंत शिकवले आणि पत्र टेबलावर पडून राहिले, तर ती मुलगीही दुसऱ्या वर्षी टोपली घेऊन डोंगर चढते. एका पत्त्याअभावी अशी एक पिढी मागच्या पिढीच्या जागी जाऊन उभी राहते.

मजुरीचेही ऐका. २०२१ मध्ये मोठ्या झगड्यानंतर रोजचे किमान एक हजार श्रीलंकन रुपये ठरले. आपल्या पैशांत तेव्हा चारशेच्या आत. तेही पूर्ण मिळायला दिवसाला अठरा-वीस किलो पाने भरली पाहिजेत. पाऊस, जळवा, चढण, काही असो. किलो कमी तर पैसे कमी. इथे मात्र कामाची मोजणी काट्यावर, ग्रॅमपर्यंत! कचेरीतला कागद महिनाभर न हलवणाऱ्याला मोजणारा काटा त्या देशाला सापडला नाही, आणि पाने खुडणाऱ्या बाईची टोपली मात्र दिवसातून दोन-तीनदा तोलली जाते.

१९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब श्रीलंकेला गेले होते. तिथे धम्म कितपत जिवंत आहे आणि कितपत नुसता विधी उरला आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांपुढे भाषण केले, त्यांना बुद्ध धम्म स्वीकारायला सांगितले, आणि सिलोनच्या बौद्धांना सांगितले की या लोकांना आपले म्हणा, वडिलांच्या मायेने त्यांचे हित पाहा. मळ्यातल्या मजुरांचे नागरिकत्व जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. सिलोनच्या बौद्धांनी तो सल्ला मानला नाही. मानणार कसे? तिथल्या सर्वांत मोठ्या भिक्खू परंपरेत, १७५३ साली सुरू झालेल्या सियाम निकायात, फक्त गोविगाम या वरच्या जातीच्या मुलांनाच उपसंपदा मिळत आली. म्हणूनच दुसऱ्या जातींच्या भिक्खूंना ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा आणावी लागली आणि अमरपूर निकाय निघाला. आजही कोलंबोच्या रविवारच्या वर्तमानपत्रांत लग्नाच्या जाहिराती वाचा: गोवी बौद्ध आईवडिलांना मुलीसाठी वर पाहिजे. त्यात वर सरकारी नोकरीत असला तर उत्तम. कोलंबोचे रस्ते झाडणाऱ्यांत, मैला साफ करणाऱ्यांत इंग्रजांनी तामिळनाडूतून आणलेल्या जातींची कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणी जाहिरात देत नाही.

२०२३ पासून नाणेनिधीचे कर्ज सुरू आहे. त्याच्या अटींपायी विजेचे दर चढले, जानेवारी २०२४ पासून विक्रीवरचा कर अठरा टक्के झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांनी जुनी घराणी झुगारून अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केले. कचेऱ्या सुधारू, भ्रष्टाचार मोडू, असे ते सांगून आले. काही लोक मात्र म्हणतात, सरकारी सेवा नीट चालत नाही ना, मग विकून टाका, खासगीवाला चोख चालवील. हा उपाय सांगणारा स्वतः सरकारी इस्पितळात जात नाही. ज्याच्याजवळ चॅनेलचे पैसे आहेत त्याला सेवा आजही चोख मिळते. गावची दाई विकली तर ती डोंगरावरच्या बाईच्या दारात कशाला जाईल? पोस्टमन विकला तर लयमपर्यंत चढण्यात त्याला काय नफा? हे मी श्रीलंकेचे सांगतो आहे. आपल्या पालिकेतल्या कंत्राटी सफाईवाल्यांना ते वेगळे सांगायला नको.

येत्या थंडीत यात्रेला जाणाऱ्या मंडळींना एक विनंती. अनुराधपूर, कँडीचा दंतधातू, सगळे करावेच. पण कँडीहून बदुल्लाकडे जाणारी आगगाडी हॅटनवरून मळ्यांतून जाते. तिकीट स्वस्त आहे. टूरवाला म्हणेल, खिडकीतून धबधबे बघा. धबधब्यांच्या खाली पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब रांगा दिसतील, दारात वाळत घातलेले कपडे, पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया. सोबत तामिळ समजणारा कोणी असेल तर हॅटनला उतरून चहा घ्या, कोणाशी तरी दोन शब्द बोला. परत आल्यावर त्यांना पत्र पाठवावेसे वाटले तर त्यांचा पत्ता लिहून घ्या, आणि तो पत्ता कसा सांगतात तेही ऐका.